कोणी कुणाला बोलावलं

निलंग्याकडे जाताना एक मोठं गाव लागतं. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथल्या एका मावशींच्या हातात हे पडलं तर माझी धडगत नाही. त्या गावाला पाणी सोडणारं पॅनल आमच्या शेडमध्ये तयार झालं होतं.

आमची शेड लातूरच्या एमआयडीसीत आहे. मालक तिला कंपनी म्हणतात, आम्ही मालकांचा मान राखून काही बोलत नाही. आम्ही गावोगावच्या पाणीयोजनांसाठी पॅनल बनवतो. पॅनल म्हणजे एक लोखंडी पेटी, आत पंज्याएवढं कॉम्प्युटर कार्ड, आणि त्या कार्डावर सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम. टाकी भरली की कोणत्या गल्लीचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, आधी उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, मग कोणता, हे सगळं तो प्रोग्राम पाहतो. माझं माहेर नांदेडचं, सासर लातूरचं आणि पोट ह्या प्रोग्रामवर.

मागच्या उन्हाळ्यात त्या गावच्या सरपंचबाईंचा मालकांना फोन आला. गावाला चार दिवसांआड पाणी. टाकीत येतं तेवढंच पाणी सगळ्या गल्ल्यांना वाटायचं. एखाद्या गल्लीने जास्त घेतलं की शेवटच्या गल्लीला नळातून नुसती हवा. आणि पाळीमागून पाळी तसंच होत होतं. जास्त पाणी जात होतं मशिदीमागच्या गल्लीला. आणि त्याच गल्लीत गावचे वॉलमन राहत होते.

त्यांना सगळं गाव चाचा म्हणतं. पॅनल यायच्या आधी ते खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी टाकून गल्लोगल्ली फिरायचे आणि वॉल उघडायचे. पॅनल आल्यावर त्याची देखरेख त्यांच्याकडे आली. पॅनलवर एक हिरवं बटण आहे. कुठे आग लागली, कुणाच्या घरी मयत झालं, तर ते दाबून त्या गल्लीला हाताने जादा पाणी सोडता येतं. बटणावर कुलूप, कुलपाची किल्ली एकच आणि ती चाचांकडे. आता गावाला आणखी काय पुरावा हवा होता? चाचा स्वतःच्या गल्लीला पाणी सोडतात, असं बोललं जाऊ लागलं, आणि पुढच्या ग्रामसभेत त्यांना कामावरून काढायचं जवळजवळ ठरलं.

सरपंचबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "मशीन चुकू लालंय का मानूस, तेवढं सांगा. मंग आमी बघतो काय करायचं ते."

मालक आणि मी गेलो. पंपहाऊसच्या कट्ट्यावर चाचा बसले होते. डोक्यावर जाळीची टोपी, हातात नुसता चहाचा रिकामा कप. आम्ही बसतो न बसतो तोच शेवटच्या गल्लीतल्या त्या मावशी आल्या. मावशींचा आवाज असा की पंप चालू असतानाही स्पष्ट ऐकू यावा.

"मशीनला काय गल्ली कळती व्हय?" त्या थेट मलाच म्हणाल्या. "आमच्या लेकीसुना घागरी घेऊन हिरीवर जाऊ लाल्यात, अन् ह्यांच्या गल्लीत लोकं फटफट्या धुऊ लालेत. ह्येच लावून ठेवतेत काहीतरी."

"वैनी, म्या हात बी न्हाई लावला," चाचा म्हणाले. एवढंच. भांडले नाहीत, शपथा घेतल्या नाहीत. मला त्यांचा तो शांतपणा आवडला नाही. खऱ्या माणसाने ओरडायला पाहिजे, असं मला तेव्हा वाटायचं. मी स्वतः ओरडते म्हणून असेल.

मावशी गेल्यावर मी विचारलंच, "चाचा, खरं सांगा. एखाद्या वेळी दाबलं का?"

"न्हाई, बेटी." आणि त्यांनी नजर पंपाकडे वळवली.

परत येताना गाडीत मालक म्हणाले, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, मला काही वाटत नाही. ते खोटं होतं. मला भीती वाटत होती. मी आता शोधायला बसणार, आणि शोधता शोधता चाचांचंच बोट सापडलं तर? प्रोग्रामच्या चुका शोधायची मला सवय आहे, माणसांच्या नाही.

तर प्रोग्राम. तो लिहिला होता आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने, जो आता पुण्यात आहे. पोरगा हुशार, आणि हुशार माणसाने लिहिलेला कोड म्हणजे पुढच्याच्या गळ्याला फास. सी मधला प्रोग्राम छोट्या छोट्या फंक्शनांचा बनलेला असतो. एकेक फंक्शन म्हणजे एकेक काम. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. साध्या कोडमध्ये कोण कुणाला बोलावतंय हे वाचून कळतं. ह्या पठ्ठ्याने एक तक्ता केला होता, आणि पुढचं फंक्शन कोणतं हे प्रोग्राम चालू असताना त्या तक्त्यातून ठरत होतं. म्हणजे नुसतं वाचून काही कळायची सोय नाही. मी त्याला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, ते मी लिहिलंय होय?" मी फोन ठेवून दिला. पुढचं जे मी बोलले ते त्याला ऐकू गेलं नाही हे बरं झालं.

मग मी ठरवलं, वाचत बसायचं नाही. प्रोग्रामकडूनच वदवून घ्यायचं.

आपण लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. त्याला एक सूचना देता येते. ती दिली की तो प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी आणि शेवटी आपणहून एकेक निरोप्या बसवतो. फंक्शन सुरू झालं की एक निरोप्या सांगतो, हे आत गेलं. संपलं की दुसरा सांगतो, हे बाहेर आलं. मूळ कोडला हातही लावावा लागत नाही. ते निरोपे काय करतील तेवढं आपण लिहायचं. मी लिहिलं: जे आत गेलं त्याची नोंद करा, आणि ते दुसऱ्याच्या आतून बोलावलं गेलं असेल तर ओळ थोडी उजवीकडे सरकवून लिहा. म्हणजे कोणी कुणाला बोलावलं हे पाहताक्षणी दिसावं.

पहिल्यांदा चालवलं आणि प्रोग्राम क्षणात कोसळला. माझे निरोपे हीसुद्धा फंक्शनंच ना! कंपायलरने त्यांच्याही तोंडाशी निरोपे बसवले, ते निरोपे आत जायला लागले की पुन्हा निरोपे, आणि असं करत सगळं कार्ड त्यातच गुंतून गेलं. मालक मागे उभे होते. "आपलंच शेपूट खाल्लं का ह्यानं?" असं म्हणून ते मनापासून हसले. त्या निरोप्यांना वगळायचीही एक खूण असते, ती मी टाकली. दुसऱ्यांदा चालवलं तर घड्याळ पाहणाऱ्या फंक्शनच्याच एवढ्या ओळी आल्या की बाकीचं त्यात बुडून गेलं. तेही वगळलं. शिवाय हे सगळं नुसते पत्ते सांगतं, म्हणजे फंक्शन कार्डाच्या स्मृतीत कुठे बसलंय तो आकडा. त्या आकड्यांवरून नावं काढणारं वेगळं अवजार असतं, ते जोडलं. मग कुठे टेबलावर, वॉलच्या जागी दिवे लावून, पाळी नीट वाचता यायला लागली.

टेबलावर सगळं शहाण्यासारखं चाललं. एकही दिवा वेळेपेक्षा जास्त लागला नाही. अर्थातच! गावच्या पॅनलमध्ये गावाने भरलेल्या नोंदी होत्या, आमच्या टेबलावर त्या नव्हत्या. निरोप्यांसकट प्रोग्राम गावातच चालवावा लागणार होता, खऱ्या पाळीला, खऱ्या पाण्यावर.

पाळीच्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर मावशी आमच्या आधी हजर. मी नवा प्रोग्राम कार्डावर चढवला. मावशींनी चाचांकडे हात पसरला. चाचांनी बटणाची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली, आणि मावशींनी ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. चाचा लांब, रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊन बसले. त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं.

एकेक वॉल उघडत गेला, मिटत गेला. मग मशिदीमागच्या गल्लीची पाळी आली. वॉल उघडला. वेळ संपली. वॉल मिटला नाही.

पंपहाऊसमध्ये मालक, मावशी आणि मी. किल्ली मावशींच्या पदरात, चाचा रस्त्यापलीकडे, आणि पाणी चालूच. मावशींनी एकदा पदराची गाठ चाचपून पाहिली.

"आधीच काहीतरी लावून ठेवलं असंल," त्या म्हणाल्या, पण आवाजात पहिल्यासारखी धार नव्हती.

आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. मी नोंद लॅपटॉपवर घेतली. ओळी खाली सरकवत त्या गल्लीपाशी आले. तिथे इंग्रजी अक्षरांत फंक्शनांची नावं होती: गल्ली सुरू. त्याच्या आतून वेळ काढ. त्याच्या आतून लग्नघर. त्याच्या आतून जुमगी बाकी. आणि त्यानंतर जादा वेळ.

जुमगी! मी ते नाव पुन्हा वाचलं आणि मला एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. नांदेडला आमच्या शेजारी सगळी मुसलमान घरं. त्यांच्याकडे मुलीचं लग्न झालं की पुढचे पाच शुक्रवार जावयाला आणि त्याच्या घरच्यांना जेवायला बोलावतात, ती जुमगी. मी लहानपणी कितीतरी जुमग्या जेवले आहे. पण ती प्रोग्राममध्ये काय करत होती?

सरपंचबाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते असं. लग्नघराला जादा पाणी द्यायची त्या गावची जुनी रीत. पूर्वी चाचा चावीनेच द्यायचे. पॅनल आलं तेव्हा गावाने सांगितलं, ही रीत मशीनमध्येही पाहिजे. मांडव उतरून पूजा होईपर्यंत ज्यांच्याकडे पूजा असते त्यांना, आणि ज्यांच्याकडे जुमगी असते त्यांना पाची जुमग्या होईपर्यंत. आमच्या पुण्याच्या पठ्ठ्याने ते मनापासून लिहिलं होतं. त्याला दिलेल्या शिव्या मी त्या क्षणी निम्म्या परत घेतल्या.

ग्रामपंचायतीने हिवाळ्यात एका लग्नघराची नोंद भरली होती. चाचांच्या मुलीच्या लग्नाची. ते लग्न होऊन महिने लोटले होते, मग जुमगी बाकी कशी? कोडमध्ये जुमगी झाली नावाचं एक फंक्शन होतं, एकेक जुमगी वजा करणारं. मी नोंदीत शोधलं. ते नव्हतं. पुन्हा शोधलं. प्रत्येक गल्लीचं आत गेलं, बाहेर आलं, सगळं होतं. जुमगी झाली मात्र कुणी बोलावलंच नव्हतं. मग कोड उघडला. ते बोलावलं जायचं फक्त शुक्रवारी, पॅनल सुरू होताना.

मी बाहेर पळाले आणि रस्त्यापलीकडे ओरडले, "चाचा, शुक्रवारी पॅनल कधी चालू केलं होतं?"

चाचा उठून रस्ता ओलांडून आले. "जुम्म्याला? जुम्म्याला लाईटच न्हाई की, बेटी. हिवाळ्यापासून दर जुम्म्याला लाईनचं काम असतंय. दिसभर पॅनल बंद, पंप बंद."

म्हणजे मशीनने त्या लग्नापासून एकही शुक्रवार पाहिला नव्हता. त्याच्या हिशेबाने चाचांच्या जावयाच्या पाची दावती अजून व्हायच्याच होत्या, आणि ते बिचारं दर पाळीला इमानेइतबारे लग्नघराला पाणी पाठवत होतं.

मी मावशींना समजावून सांगितलं. त्या नीट ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मंजे ह्येंचा जावई अजून जेवूच लालाय का?"

मी इतकी हसले की मला कट्ट्यावर बसावं लागलं. हसता हसता रडू आलं. कित्येक दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. चाचांनी दाबलं नव्हतं. त्यांचं बोट मला सापडलं नव्हतं, कारण ते तिथे नव्हतंच.

दुरुस्ती अगदी किरकोळ होती: पॅनल चालू असो नसो, शुक्रवार तारखेवरून मोजायचे. शेडमध्ये येऊन मी ती केली, आणि लग्नघराची ती नोंद घालून तपासलीही. आता पाची जुमग्या झालेल्या दाखवत होत्या. पण मशीन सुधारलं म्हणून माणूस सुटत नाही, ते ग्रामसभेने म्हणायला हवं होतं.

ग्रामसभा आणि पुढची पाळी एकाच सकाळी आल्या. पॅनल हलवता येत नाही म्हणून सभाच पंपहाऊससमोर भरली. सुधारलेला प्रोग्राम निरोप्यांसकट पॅनलवर चढवून मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि मागच्या पाळीत कोणी कुणाला बोलावलं ते ओळीने वाचून दाखवलं. माणसं ऐकत होती, पण मागून एकजण म्हणाला, "ते तुमचं इंग्रजी ठीक हाय. बटन दाबलं असतं तर त्यात दिसलं असतं का? का ते दिसतच न्हाई?"

प्रश्न चोख होता. मी उत्तर द्यायच्या आत मावशी उठल्या. इतके दिवस किल्ली त्यांनी परत दिलीच नव्हती. पदराची गाठ सोडली, किल्ली चाचांपुढे धरली आणि म्हणाल्या, "दाबा. सगळ्यांम्होरं दाबा."

चाचा पॅनलपाशी गेले. किल्ली कुलपात पटकन जाईना. मला वाटलं, आपण जाऊन लावावी, पण मालकांनी माझा दंड धरला. शेवटी कुलूप उघडलं. चाचांनी हिरवं बटण दाबलं. मी नोंद उघडली, आणि तिथे, सगळ्यांना दिसेल असं, एक नाव आलं होतं: हाताने सोड.

"हे बघा, हे बटण," मी म्हटलं. "आता हे नाव मागच्या पाळीच्या नोंदीत शोधते." शोधलं. नव्हतं. "आणि त्या पाळीलाही जास्त पाणी गेलंच होतं."

मागचा माणूस म्हणाला, "हाव, मंग बरोबर हाय." सरपंचबाई काही बोलणार तेवढ्यात मावशी सभेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "चाचांचा हात न्हाई ह्यात. सगळ्यात आधी मीच बोल्ले होते, म्हणून मीच सांगू लाले. आता कुनी बोललं तर माझ्याशी गाठ हाय." मग त्या चाचांकडे वळल्या. "राग धरू नका, चाचा. घागर रिकामी असली की तोंड लई चालतंय."

"रागाचं काय न्हाई, वैनी," चाचा म्हणाले. सरपंचबाईंनी विषय संपल्याचं सांगितलं, चहा आला, आणि मी तो चहा दोन्ही हातांत धरून बसले. इतका गोडमिट्ट चहा एरवी मी टाकून दिला असता.

पाळी सुरू झाली तशी माणसं आपापल्या गल्लीकडे पांगली. मावशी सगळ्यात पुढे. त्या दिवशी त्यांच्या गल्लीला पिंप भरून वाहीपर्यंत पाणी आलं, हे त्यांनी दुपारी मला फोन करून सांगितलं आणि पुन्हा एकदा जावयाची चौकशी केली.

पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. मशिदीमागच्या गल्लीचा वॉल उघडला तेव्हा पंपहाऊसमध्ये चाचा आणि मी दोघंच होतो. ते खिशातून मोबाईल काढून बाजूला गेले. बायकोशी बोलत होते. आवाज खाली होता, तरी ऐकू आलं.

"टोंटी खोल दे," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "हौ, खोल दे."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "टोंटी बंद होती का?"

चाचा म्हणाले, "बोलनं सुरू झालं तवापासून, बेटी. गल्लीला जादा पानी येऊ लालतं, लोकं बघू लालते. मंग आमी आमचा नळ तारेनं बांधून टाकला. घरवाली दर्ग्याच्या बोरवरून आनायची. जादा बी नको अन् वाट्याचं बी नको."

तेवढ्यात त्यांचा फोन पुन्हा वाजला. त्यांनी तो कानाला लावला, ऐकलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"डर मत! पूरा भर ले. अपनेच हिस्से का है."